बायबल वाचून माणूस धार्मिक व्हावा असं खुद्द बायबललाच वाटतं का?

उद्यमबाग_रात्रपाळी

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा आडवातिडवा आहे पण कुणाला तरी विचारायचाच होता. आमच्या फाउंड्रीत माझ्याच शिफ्टला एक दादा आहेत, मेथडिस्ट (प्रॉटेस्टंट ख्रिस्त्यांतला एक पंथ), त्यांच्याशी चहाच्या टायमाला वाद घालता घालता मी फोनवर मराठी बायबल उतरवून घेतलं, म्हटलं टीका करायची तर वाचून तरी करूया. पहिल्या पानापासून सुरू केलं. उत्पत्ती मजेत गेलं, निर्गममध्ये पण अर्ध्यापर्यंत गोष्ट पळते, मग लेवीय लागलं आणि मी आडवा झालो. कुठला गोऱ्हा कसा कापायचा, चरबी कुठं जाळायची, अंगावर चट्टा आला तर याजकानं त्याला सात दिवस वेगळा ठेवून परत कसा तपासायचा, काय विचारू नका.

मग दादा म्हणाले ते सोड, आमोस वाच, नऊच अध्याय आहेत. वाचलं एका बैठकीत आणि डोकं फिरलं की ओ. तिथं देव स्वतः म्हणतोय की तुमच्या सणांचा मला तिटकारा आहे, तुमची होमार्पणं मला नकोत, तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापासून लांब न्या, त्यापेक्षा न्याय पाण्यासारखा वाहू द्या. अहो पण होमार्पण कसं करायचं हे त्याच देवानं त्याच पुस्तकात पानंच्या पानं सांगितलंय, मी झोप मोडून वाचलंय ते!

तर प्रश्न असा. हे पुस्तक वाचणाऱ्यानं धार्मिक व्हावं, म्हंजे चर्चला जावं, उपास करावा, प्रार्थना म्हणावी, यासाठी लिहिलंय का उलट त्यातनं बाहेर काढायला लिहिलंय? दादा म्हणतात "बायबलला धार्मिक माणूस नकोच आहे, बदललेला माणूस पाहिजे". ऐकायला भारी वाटतं, पण स्वतः दादा एक रविवार चुकवत नाहीत, त्यासाठी शिफ्ट बदलून घेतात आणि ती बदली माझ्याच गळ्यात येते 😀

मी गणपती आणि सौंदत्तीची यल्लम्मा यातला माणूस, आहे तिथंच बरा आहे, तेव्हा धर्मांतराचा विषय कृपा करून इथं आणू नका. वाचलेल्यांनी सांगा.

---

रविवारपेठ

आमोसचा आठवा अध्याय नीट बघितला का? तिथले व्यापारी वाट बघत बसलेत की शब्बाथ कधी संपतो आणि आपण धान्याचं दुकान कधी उघडतो. आणि उघडून करणार काय तर माप लहान, वजन मोठं, तराजू खोटा, वर गव्हातला केरकचरा पण विकायचा. म्हंजे सुट्टी पाळतात हो बिचारे, अगदी काटेकोर पाळतात, फक्त मापात पाप आहे. आमच्या पेठेत हा अध्याय मोठ्यानं वाचायची कुणाची टाप नाही, धर्म कुठला का असेना.

---

कॅम्पातली_शिक्षिका

माझं बालपण संडे स्कूलमध्ये गेलं, आता चर्चला जाते कधी जाते कधी नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंनी शिव्या खायची सवय आहे. लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, आमोस कोण ते बघा. तो पुजारी नाही, संदेष्ट्यांच्या घराण्यातला पण नाही, तो स्वतःच सांगतो की मी गुरं राखणारा आणि उंबराच्या झाडांची निगा करणारा माणूस. गाव तकोवा, ते दक्षिणेकडच्या यहूदा राज्यात. आणि हा बोलायला जातो कुठं, तर सीमा ओलांडून उत्तरेच्या इस्राएल राज्यात, बेथेल नावाच्या तिथल्या मोठ्या देवस्थानात, इसवी सनापूर्वी ८ व्या शतकात. तिथला याजक अमस्या राजाला निरोप धाडतो की हा माणूस तुमच्याविरुद्ध कट करतोय, आणि आमोसला म्हणतो, जा तुझ्या यहूदा देशात, तिकडं भाकर मिळव, तिकडं काय सांगायचं ते सांग, इथं नको, हे राजाचं देवस्थान आहे. सातवा अध्याय. आपल्या बेळगावच्या माणसाला हा सीन वेगळा समजावून सांगावा लागत नाही 😄 सीमेपलीकडचा आलाय, आम्हाला शिकवतोय, घालवा परत.

आता तुमच्या प्रश्नाकडं. आमोस ज्यांच्यापुढं बोलतोय ती माणसं धार्मिक नव्हती का? होती की, गरजेपेक्षा जास्तच होती. रोज सकाळी अर्पणं, दर तीन दिवसांनी दशांश असं तो चिडून म्हणतो चौथ्या अध्यायात. देवस्थान गच्च भरलेलं, गाणीबजावणी चालू, आणि त्याच गावात गरिबाला एका जोड्याच्या किमतीला विकत घेतात. अशा लोकांना अजून धार्मिक करून काय मिळणार होतं? मला वाटतं आपण प्रश्नच उलट्या बाजूनं धरतो. आपण समजतो की हे पुस्तक कुणातरी कोऱ्या, बाहेरच्या, काहीच न मानणाऱ्या वाचकाच्या हातात देऊन त्याला भक्त करायला लिहिलंय. पण त्यातला बराचसा भाग आधीच देवळात बसलेल्या माणसाला उद्देशून आहे. यिर्मया तर मंदिराच्या दारातच उभा राहतो आणि आत जाणाऱ्यांना सांगतो की "परमेश्वराचं मंदिर, परमेश्वराचं मंदिर, परमेश्वराचं मंदिर" असं तीनतीनदा घोकू नका, परदेशी, पोरकी आणि विधवा यांना छळायचं थांबवा. यशयाच्या पहिल्याच अध्यायात देव म्हणतो तुम्ही हात पसरून कितीही प्रार्थना करा मी ऐकणार नाही, तुमचे हात रक्तानं भरलेत. हे सगळं नास्तिकाला बोललेलं नाही, यातला शब्दन् शब्द भाविकाला बोललेला आहे.

येशूचं पण तसंच. त्यानं सगळ्यात कडक शब्द कुणाला वापरले तर वेश्यांना नाही, जकातदारांना नाही, शास्त्री आणि परूशी यांना. तुम्ही पुदिना, शेप आणि जिरं यांचा पण दहावा हिस्सा मोजून देता आणि न्याय, दया, विश्वास ह्या मोठ्या गोष्टी सोडून देता. शेपूची जुडी घेऊन तिच्या दहा काड्यातली एक बाजूला काढणारा माणूस डोळ्यापुढं आणा, विनोद कळेल. बरं हे परूशी काही वाईट चालीचे लोक नव्हते हं, सगळ्यात प्रामाणिकपणे धर्म पाळणारे तेच होते, आपण संडे स्कूलमध्ये उगाच त्यांना व्हिलन करून ठेवलंय.

तेव्हा तुमच्या दादांचं निम्मं बरोबर आहे. पण निम्मंच, आणि ते निम्मं आमच्या घरी फार चालायचं, "आमचा धर्म नाही, आमचं नातं आहे" असं म्हणायचं आणि मग बहिणीनं रविवारी सिनेमा बघितला की घर डोक्यावर घ्यायचं.

---

निपाणीचा_नास्तिक

बाई छान लिहिलंय पण हे निवडून वेचून वाचन झालं. आमोस, यशया, येशूचं डोंगरावरचं प्रवचन, झालं, सगळं पुरोगामी. अनुवाद नावाच्या ग्रंथाचा १३ वा अध्याय कोण वाचणार? तुझा सख्खा भाऊ, मुलगा, मुलगी, बायको, जिवलग मित्र, कुणीही जर गुपचूप म्हणालं की चल दुसऱ्या देवांची सेवा करू, तर त्याची कीव करायची नाही, लपवायचं नाही, दगडमार करून मारायचं आणि पहिला हात तुझा. हे काय माणसाला न्यायी बनवायला लिहिलंय का? दहा आज्ञांतली पहिलीच आज्ञा काय आहे, माझ्याशिवाय दुसरे देव नकोत. चोरी करू नको, खून करू नको हे मागनं येतं.

आणि हेतूच बघायचा असेल तर योहानाच्या शुभवर्तमानात लेखक सरळ सांगतो, विसाव्या अध्यायाच्या शेवटी, की येशू हाच ख्रिस्त, देवाचा पुत्र आहे असा तुम्ही विश्वास ठेवावा म्हणून हे लिहिलंय. एवढं स्वच्छ सांगितल्यावर अजून काय पुरावा पाहिजे? त्या पुस्तकाला तुम्ही विश्वास ठेवायला पाहिजे आहात, पूर्णविराम. मागनं येऊन आधुनिक लोकांनी त्याला समाजसुधारणेचा झगा चढवला.

माझा राग पुस्तकावर नाही. जुनं पुस्तक आहे, जुन्यासारखं बोलणार. माझा राग त्याला "खरं म्हणजे त्याला धर्म नकोच आहे" असं म्हणून सोयीचं करून विकणाऱ्यांवर आहे. असले लोक सगळ्या धर्मांत आहेत, आमच्या घरात पण आहेत.

---

कॅम्पातली_शिक्षिका

@निपाणीचा_नास्तिक अनुवाद १३ चं बरोबर आहे, त्याला मी झगा चढवणार नाही. ते तिथं आहे आणि भयंकर आहे.

योहानाचं पण मान्य. तो भाग हेतू सांगून लिहिलेला आहे. फक्त एक, त्याच नव्या करारात (बायबलचा येशूपासनं पुढचा भाग) याकोबाचं पत्र आहे, त्यात तो म्हणतो, देव एकच आहे असा तुझा विश्वास आहे? छान, भुतं पण तसाच विश्वास ठेवतात आणि थरथर कापतात. म्हंजे नुसता विश्वास ठेवणाऱ्याला याकोब भुतांच्या रांगेत नेऊन बसवतो. आणि त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात तो चक्क शुद्ध धर्माची व्याख्याच करतो, पोरक्यांचा आणि विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घेणं आणि स्वतःला जगापासून निष्कलंक ठेवणं. बघा, दोन्ही आहे त्यात, पहिला अर्धा तुम्हाला आवडेल, दुसरा अर्धा आमच्या आज्जीला आवडायचा.

माझं म्हणणं एवढंच की ह्या पुस्तकाचा एकच हेतू आहे असं धरून चालणंच चुकीचं. प्रॉटेस्टंट मोजणीनं ६६ ग्रंथ आहेत, कॅथलिक मोजणीनं ७३, लिहायला कित्येक शतकं लागली, भाषा हिब्रू, थोडी अरामी, मग ग्रीक. त्यात एस्तेर आहे, ज्याच्या हिब्रू मजकुरात देवाचं नाव एकदाही येत नाही. गीतरत्न आहे, तिथं नुसतं प्रेम चाललंय, तिचे डोळे, त्याचे केस. उपदेशक आहे, तो सगळं व्यर्थ म्हणत बसलाय. तिघांना विचारा वाचकाला काय करायला आलात, तीन उत्तरं येतील.

---

खानापूर_घाटवाला

मी कॅथलिक, आमचं घराणं गोव्यातनं वर आलेलं, घरात कोंकणी आणि बाहेर मराठी. तुम्ही सगळे बायबल एकटं बसून फोनवर वाचायची वस्तू धरून बोलताय म्हणून मध्ये पडतो.

हे पुस्तक शेकडो वर्षं लोकांनी वाचलं नाही, ऐकलं. छापखाना नव्हता, सगळ्यांना अक्षरं येत नव्हती. नहेम्या आठवा अध्याय काढा, बाबेलच्या बंदिवासातनं माणसं परत आलीत, यरुशलेममध्ये पाणीवेशीसमोरच्या चौकात सगळे जमलेत, बाया बापे कळती पोरं, आणि एज्रा लाकडी मंचावर उभा राहून उजाडल्यापासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतोय. ऐकून लोक रडायला लागतात. मग त्यांना काय सांगितलं जातं? उपास करा, गुडघे टेका? नाही, रडू नका, घरी जा, चांगलंचुंगलं खा प्या आणि ज्याच्या घरी काही शिजलं नाही त्याला वाढून पाठवा. आमच्या फादरनी हा भाग एकदा फेस्ताच्या आधी लावून धरला होता, तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलाय.

आमच्याकडं आजही तसंच आहे. दर रविवारी मिस्साला, म्हंजे चर्चमधल्या पूजेला, आधी एक वाचन, बहुतेक जुन्या करारातलं, मग स्तोत्र, मग पत्रातलं एक, मग शुभवर्तमान, आणि हे चक्र तीन वर्षांचं असतं, एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, योहान मधनंमधनं. म्हंजे मला आमोस आवडत नाही म्हणून मी तो सोडू शकत नाही, त्याचा रविवार आला की तो कानावर पडणारच. मग सांगा, वाचनच जिथं पूजेचा भाग आहे तिथं पुस्तक पूजेच्या विरुद्ध आहे हे कसं म्हणायचं?

अजून एक. शिक्षिकाबाईंनी ते पुदिना, शेप, जिरं सांगितलं पण वाक्य पुरं केलं नाही, बाईंनी असं करू नये 😀 पुढं येशू म्हणतो, ह्या गोष्टी करायच्या होत्या आणि त्या पण सोडायच्या नव्हत्या. दशांश बंद करा असं तो म्हणालाच नाही. लूकच्या अठराव्यात परूशी आणि जकातदार यांची गोष्ट आहे, तिथं परूशी छाती पुढं काढून म्हणतो देवा मी आठवड्यात दोनदा उपास करतो, आणि जकातदार लांब उभा राहून छाती बडवतो, मला पाप्याला दया कर. नीतिमान ठरून कोण घरी गेला, जकातदार. बरोबर. पण दोघं उभे कुठं होते? मंदिरात. जकातदार काय घरात झोपला नव्हता.

लेवीयला तुम्ही कंटाळलात रात्रपाळीवाले, पण अठरा अध्याय कंटाळून एकोणिसाव्याच्या तोंडावर सोडलंत असं दिसतंय. तिथं काय आहे बघा. शेत कापताना कडेकडेचं पीक कापू नको, पडलेली कणसं वेचू नको, गरिबाला आणि परक्याला ठेव. मजुराची मजुरी रात्रभर स्वतःजवळ ठेवू नको. तराजू खरा, वजन खरं, माप खरं. आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, जे सगळ्यांना वाटतं येशूनं पहिल्यांदा सांगितलं, ते तिथलं आहे. ह्याच अध्यायात अर्पणाचं मांस तिसऱ्या दिवशी खाऊ नको हे पण आहे. एका दमात. लिहिणाऱ्याला ह्यात दोन खाती दिसतच नव्हती, ती आपण पाडली.

---

रविवारपेठ

मजुराची मजुरी रात्रभर ठेवू नको 👌 हे कुणीतरी आमच्या शेटजींना व्हॉट्सॲप करा, तिथं महिना महिना बसतीय.

---

येळ्ळूरचा_माळकरी

मी बायबल सगळं वाचलेलं नाही, शुभवर्तमानं वाचलीत आणि हे खानापूरवाले म्हणतात तसं ऐकणं झालंय, आमच्या दवाखान्यात सिस्टर लोक असायच्या.

वरचं सगळं वाचताना कुणालाही वाटणार की हे आपल्याकडं पण आहे. आहेच. बसवण्णा १२ व्या शतकात म्हणाले, श्रीमंत लोक शिवाची देवळं बांधतील, मी गरीब काय करू, माझं शरीरच देऊळ. हे आमच्या कानडी शेजाऱ्यांच्या पोरांना शाळेत पाठ असतंय. तुकोबांनी पण टिळामाळांच्या ढोंगाला झोडपलंय. म्हणून लगेच "सगळे धर्म आतनं एकच" म्हणून विषय मिटवू नका, मला ते पटत नाही, आणि "कर्मकांड वाईट, भाव चांगला" हे तर त्याहून पटत नाही. हे बोलायला फार सोपं आहे आणि बोलणाऱ्याला काहीच करावं लागत नाही.

तुकोबांनी ढोंगी माळकऱ्याला शिव्या घातल्या तरी वारी सोडली का? नाही. जो पायी चालतो त्यालाच कळतं की पायी चालून सुद्धा माणूस खोटा राहू शकतो. घरात बसून टीका करणाऱ्याला ते कळत नाही, त्याला वाटतं वारी खोटी. तुमच्या आमोसाचा आवाज मला आतल्या माणसाचा वाटतो. त्याला बेथेलचा राग येतो कारण देव त्याचा आहे. निपाणीकर रागावू नका, पण त्याच्या बोलण्यातनं देव काढून घेतला तर मागं नुसता अग्रलेख उरतो, बरा अग्रलेख, पण सकाळी वाचून संध्याकाळी शेव गुंडाळायला जाणारा.

---

निपाणीचा_नास्तिक

रागावलो नाही, अग्रलेख आवडला. माझा मुद्दा पण तोच होता की ओ, देव काढून हे पुस्तक वाचता येत नाही, तुम्ही ते खुशीत म्हणता आणि मी वैतागून म्हणतो.

येशूनं सांगितलेली शमरोन्याची गोष्ट राहिली कुणाची तरी, ती मी सांगतो कारण ती मला सुद्धा आवडते. वाटेत लुटून अर्धमेला टाकलेला माणूस, याजक बघून पलीकडनं जातो, लेवी (मंदिराची सेवा करणाऱ्या वंशातला) पलीकडनं जातो, शमरोनी थांबतो, जखमा बांधतो, खाणावळीचे पैसे भरतो. सगळे म्हणतात बघा धार्मिक लोक गेले आणि साधा माणूस थांबला. साधा कुठला? शमरोनी लोकांचा पण धर्म होता, नियमशास्त्राचे पाच ग्रंथ ते मानायचे, त्यांचं पूजेचं ठिकाण गरिज्जीम डोंगर, आणि यरुशलेमवाल्यांशी त्यावरनं हाडवैर. म्हंजे थांबणारा माणूस अधार्मिक नव्हता, चुकीच्या डोंगरावर पूजा करणारा होता. ऐकणाऱ्यांना त्यामुळंच मिरची लागली असणार. सीमाभागात ही गोष्ट सांगायची तर शमरोनी कोण करायचा हे सांगणाऱ्याची मातृभाषा कुठली त्यावर ठरेल 😂

---

उद्यमबाग_रात्रपाळी

बापरे, एका रात्रीत एवढं. सगळ्यांना धन्यवाद. लेवीय १९ वाचलं आत्ता जेवणाच्या सुट्टीत, खानापूरवाल्यांनी बरोबर पकडलं, मी सोळाव्यालाच सोडलं होतं. दादांना मजुरीचं वाक्य दाखवलं तर म्हणाले हे मला माहीत होतं, मग म्हटलं मागच्या वर्षी ओव्हरटाइमच्या वेळी का नाही काढलंत.

एक उपप्रश्न. पुस्तकाचा हेतू काय यावर वाद होणारच, पण आपल्या भागात, मराठीत, ज्यांनी वाचलं त्यांचं झालं काय? धार्मिक झाले का वेगळं काही?

---

कॅम्पातली_शिक्षिका

ह्यावर मी कितीही लिहीन पण आवरतं घेते.

आपल्या बेळगावातला सगळ्यात जवळचा माणूस म्हंजे बाबा पदमनजी. जन्म इथलाच, १८३१. शिक्षण इथल्या मिशन शाळेत आणि पुढं मुंबईला, १८५४ साली ख्रिस्ती झाले. म्हंजे रीतसर धार्मिक झाले, निपाणीकरांचा मुद्दा. पण तीन वर्षांनी, १८५७ ला, त्यांनी पुस्तक काय लिहिलं तर यमुनापर्यटन, विषय हिंदू विधवांचे हाल, आणि मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात. त्यात धर्मप्रचार आहे का, आहे, भरपूर आहे, वाचताना दमायला होतं. पण याकोबाच्या पत्रातल्या विधवा त्यांना गल्लीत दिसल्या एवढं नक्की.

पंडिता रमाबाई, बाप्तिस्मा १८८३, इंग्लंडात. आता त्या मुकाट चर्चच्या शिस्तीत बसतील असं तिथल्या सिस्टरना वाटलं असेल तर बाईंना ओळखलंच नव्हतं. ज्या सिस्टरनी त्यांना आधार दिला त्यांच्याशीच पत्रांतनं वाद, मी एका पुरोहितांच्या जोखडातनं मोठ्या कष्टानं सुटलेय, लगेच दुसरं जोखड मानेवर घेणार नाही ह्या अर्थाचं सरळ लिहून पाठवलं. १८८९ ला विधवांसाठी शारदा सदन, मग केडगावचं मुक्ती मिशन, दुष्काळातल्या पोरी आणून सांभाळल्या. आणि शेवटची कित्येक वर्षं काय केलं तर हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, का तर खेड्यातल्या बायकांना कळावं. १९२२ ला त्या गेल्या, ते पूर्ण छापून आलं १९२४ ला. चर्चशी भांडणारी बाई आणि त्याच चर्चच्या पुस्तकावर आयुष्य घालवणारी बाई एकच.

नारायण वामन टिळक, १८९५ ला ख्रिस्ती झाले, मिशनमध्ये काम केलं, अभंग लिहिले जे आमच्या चर्चमध्ये अजून गातात, आणि १९१७ ला मिशनची नोकरी सोडून देवाचा दरबार नावाचा गट काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा.

आणि आता ज्यांचं काहीच "झालं" नाही असे एक, १९२४ च्या आपल्या बेळगाव काँग्रेसचे अध्यक्ष. गांधीजींनी विद्यार्थी असताना लंडनमध्ये बायबल वाचायला घेतलं होतं, उत्पत्ती कसंबसं संपवलं, पुढच्या अध्यायांनी झोप आणली, गणना नावाचं पुस्तक तर अजिबात आवडलं नाही असं त्यांनीच लिहून ठेवलंय. तेव्हा रात्रपाळीवाले, तुम्ही चांगल्या संगतीत आहात. नवा करार आणि त्यातलं डोंगरावरचं प्रवचन मात्र थेट काळजाला भिडलं. ख्रिस्ती झाले नाहीत, पुस्तक सोडलं पण नाही.

चार माणसं, पुस्तक तेच. पदमनजींना बघून निपाणीकर खूश होतील, टिळकांना बघून तुमचे दादा. रमाबाईंना बघून कोण खूश होईल मला कळत नाही, त्या हयात असताना पण कुणी पूर्ण खूश नव्हतं.

---

खानापूर_घाटवाला

आमच्या बाजूचं एक जोडतो, फादर स्टीफन्स, इंग्रज जेजुइट (कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघातले), गोव्यात राहून ख्रिस्तपुराण लिहिलं, १६१६ ला पहिल्यांदा छापलं, ओवीत. बायबलची गोष्ट पुराणासारखी बसून ऐकायची म्हणून ओवी. बघा, परत ऐकायचंच.

---

उद्यमबाग_रात्रपाळी

मस्त. आता पुढं काय वाचू? लेवीयच्या उरलेल्या भागात परत शिरायची ताकद नाही. दादा म्हणतात रोमकरांस पत्र वाच.

---

निपाणीचा_नास्तिक

दादांचं ऐकू नका, रोमकरांस नंतर. ईयोब वाचा. नास्तिक सांगतोय म्हणून आश्चर्य वाटेल पण ह्या प्रश्नावर त्याच्याइतकं सरळ भिडणारं त्यात दुसरं काही नाही. सुरुवातीचे दोन अध्याय साधी गोष्ट आहे, भला माणूस, गुरंढोरं जातात, पोरं मरतात, अंगभर फोडं येतात. मग तिसऱ्यापासनं कविता सुरू होते आणि ती लई लांब आहे, तीन मित्र येतात, पहिले सात दिवस गप्प बसतात (तेवढंच चांगलं काम करतात), नंतर पाळीपाळीनं समजावतात. देव न्यायी आहे, तू काहीतरी पाप केलं असणार, पश्चात्ताप कर, प्रार्थना कर. अगदी नीट, धार्मिक, शोभणारं बोलणं. ईयोब म्हणतो मी काही केलेलं नाही, देवाला समोर आणा, मला त्याच्याशी वाद घालायचाय. त्याच्या तोंडी जे शब्द आहेत ते आज कुणी गणेशोत्सवात स्टेजवर बोलला तर पोलीस केस होईल.

मधे कंटाळा आला तर ३२ ते ३७ अध्याय उड्या मारत गेलात तरी चालेल, तिथं एलीहू नावाचा चौथा पोरगा येऊन बोलत सुटतो. पण ३८ पासनं नीट वाचा. आणि ४२ व्याचं सातवं वचन. तिथं देव त्या मित्रांवर भडकतो आणि म्हणतो, माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं बरोबर बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत.

---

येळ्ळूरचा_माळकरी

आणि आठवं पण वाचा निपाणीकर, तिथं देव त्याच मित्रांना सांगतो सात बैल आणि सात मेंढे घेऊन ईयोबाकडं जा, होमार्पण करा, ईयोब तुमच्यासाठी प्रार्थना करील.

---

निपाणीचा_नास्तिक

तुम्ही तर म्हणाला होता बायबल सगळं वाचलेलं नाही!

---

येळ्ळूरचा_माळकरी

आत्ता वाचलं. मोबाइलवर.